अंगावर गाठी आल्या म्हणजे लम्पीच का? तपासणी, नमुना आणि अहवाल

मुक्तगोठा

पावसाळा लागला की गोठ्यागोठ्यांत एकच वाक्य ऐकू येतं: "गाठी आल्यात, लम्पी आहे." जनावराला हात न लावता, ताप न मोजता, फोनवरच्या फोटोवरून निदान होतं. यात नुकसान दोन्हीकडून आहे. लम्पी नसलेल्या गायीला उगाच आठ दिवस इंजेक्शनं टोचली जातात, आणि खरी लम्पी असलेली गाय "पित्ताच्या गांधी आहेत" म्हणून इतर गुरांतच बांधलेली राहते.

थोडी पार्श्वभूमी. लम्पी हा गुरांचा विषाणूजन्य त्वचारोग. त्याचा विषाणू कॅप्रिपॉक्स गटातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंचा सख्खा भाऊ. १९२९ मध्ये झांबियात पहिली नोंद, भारतात २०१९ मध्ये ओडिशात. आपल्याकडे २०२० मध्ये गडचिरोलीच्या बाजूला दिसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर पसरला. तेव्हापासून लसीकरण चालू आहे, त्यामुळे आता सौम्य आणि अर्धवट लक्षणांची जनावरं जास्त दिसतात. म्हणूनच निदान पूर्वीपेक्षा अवघड झालंय.

या धाग्यात फक्त निदानावर बोलू. काय बघायचं, कशाशी गोंधळ होतो, नमुना कुठला आणि कधी, अहवाल कसा वाचायचा. औषधोपचाराचा धागा वेगळा ठेवू.

डॉ_खोडा

चांगला विषय काढलात. सुरुवात गाठीपासून करू नका, थर्मामीटरपासून करा.

लम्पीत ताप आधी येतो, गाठी साधारण दोन दिवसांनी. ताप १०४ ते १०६ फॅरनहाइट, आणि आठवडाभरही टिकतो. गायीचं नेहमीचं तापमान १०१.५ च्या आसपास. मोजायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारी पत्र्याच्या शेडमधली संकरित गाय नुसत्या उष्म्यानेही १०३ दाखवते. थर्मामीटर गुदद्वारात तिरका धरून आतल्या कातडीला टेकवा, दोन मिनिटं ठेवा. शेणाच्या गोळ्यात रुतला तर आकडा कमी येतो आणि ताप नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. ही चूक फार होते.

ताप आहे म्हटलं की लगेच हात लसिका ग्रंथींवर. खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी बोटं खोल घालून मागून पुढे ओढली की खांद्यापुढची ग्रंथी बोटाखालून सरकते. दुसरी गुडघ्याच्या वर, कुशीच्या खालच्या बाजूला, मांडीच्या पुढच्या कडेला. निरोगी गायीत ती शोधावी लागते. लम्पीत ती नुसत्या नजरेला दिसेल इतकी फुगते. दोन्ही बाजू तपासा, एकाच बाजूची फुगली असेल तर त्या भागात जखम किंवा गळू आहे का ते आधी बघा.

मग गाठी. तळहात सपाट ठेवून केसांच्या उलट दिशेने मान, खांदा, पाठ, कास, शेपटीखालची जागा असा फिरवा. सुरुवातीच्या गाठी डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागतात. काळ्या अंगाच्या जनावराला टॉर्च आडवी धरा. जिथे गाठ आहे तिथले केस उभे राहिलेले दिसतात, सावलीचा ठिपका पडतो.

खरी लम्पीची गाठ चिमटीत धरली की कातडीच्या पूर्ण जाडीसकट हातात येते. घट्ट, गोल, कडा स्पष्ट, साधारण २ ते ५ सेंटीमीटर. कातडी तिच्यावरून सरकत नाही, कारण गाठ कातडीतच आहे. याउलट पित्ताची गांध दाबली की मऊ लागते, कड पुसट असते, आणि एकदोन दिवसांत मावळते.

खिल्लार_माणदेश

डॉक्टर, यात एक जोडतो. गाठी यायच्या आधी गुराख्याला चार गोष्टी दिसतात: दूध एकदम तुटतं, डोळ्यांतून पाणी गळतं, नाकातून शेंबूड येतो आणि जनावर गव्हाणीपाशी नुसतं उभं राहतं, रवंथ कमी. बैलात दूध नसतं, त्यामुळे त्याचा पहिला दिवस हमखास हुकतो. पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) किंवा पुढच्या पायाला सूज आली की मगच लोक जागे होतात.

आणि सूज आली की आमच्याकडे घटसर म्हणतात, मागच्या पायाला आली की फऱ्या म्हणतात. हा फरक जरा फोडून सांगा.

डॉ_खोडा

बोटाने दाबून बघा. लम्पीची सूज पाणी साचल्याने असते, अंगठा पाच सेकंद दाबून काढला की खळगा राहतो. पायाची सूज बहुतेक खालून वर चढते. फऱ्यात मांडीसारख्या जाड मांसल भागात सूज येते आणि दाबल्यावर आत हवा असल्यासारखं चरचरतं. जनावर लंगडतं आणि चोवीस तासांत गंभीर होतं. घटसरीत गळ्याखालची सूज गरम, दुखरी, श्वास घरघरतो, आणि जनावर काही तासांत कोसळू शकतं. लम्पी इतक्या घाईने मारत नाही. म्हणून सूज आहे आणि तब्येत तासातासाने ढासळतेय असं दिसलं, तर लम्पीच्या नावाखाली थांबू नका. घटसर धरून तातडीने उपचार सुरू करा, गाठींचं नंतर बघू.

एक सक्त सूचना. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येत असेल तर ते फाडू नका. फाशी (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो. आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवर थेंब पसरवून तपासणी.

सड_आणि_कास

डेअरीच्या गोठ्यात सगळ्यात जास्त गोंधळ गोचीड तापाशी होतो. संकरित गाय, ताप १०५, खांद्यापुढची ग्रंथी लिंबाएवढी, डोळ्यांतून पाणी. हे चित्र थायलेरियाचंही (गोचिडीतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीचं) आहे. वासरांत तर थायलेरियामुळे अंगावर बारीक गाठीही येतात. लम्पी म्हणून बाजूला बांधून ठेवलं आणि रक्त तपासलंच नाही, तर वासरू रक्तक्षयाने जातं, आणि त्यावर नेमकं औषध असताना जातं. हे मनाला फार लागतं.

म्हणून तापाच्या प्रत्येक जनावराची रक्ताची काच करायचीच. कानाच्या कडेच्या शिरेतून एक थेंब, पातळ पसरवायचा, हवेत वाळवून मिथेनॉलमध्ये बुडवायचा, मग जिम्सा रंग. खर्च नगण्य. ग्रंथी फुगलेली असेल तर तिच्यातून सुईने ओढलेल्या पाण्याचीही काच करावी, थायलेरिया तिथे आधी दिसतो. आणि दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात. काचेवर थायलेरिया सापडला म्हणून लम्पीचा नमुना रद्द करू नये.

रानवारा

पावसाळ्यात पाठीवर खपल्या येणारी गुरं पण लम्पीत मोजली जातात. ती ओळखायची कशी?

डॉ_खोडा

पाठीवर, कमरेवर, सतत भिजणाऱ्या जागी खपल्या असतील तर खपलीतला केसांचा झुबका चिमटीत धरून ओढा. केस खपलीसकट एकत्र निघतात, रंगाच्या कुंचल्यासारखे, आणि खाली गुलाबी ओली कातडी दिसते. हा डर्मॅटोफिलस, जिवाणूचा रोग. खपलीची आतली बाजू थोड्या सलाइनमध्ये भिजवून काचेवर घासली आणि रंगवली, तर रेल्वेच्या रुळांसारख्या जोडीजोडीने ठिपक्यांच्या रांगा दिसतात. एकदा बघितल्या की विसरत नाहीत. ताप सहसा नसतो, ग्रंथी मोठ्या नसतात.

बाकीचे पटकन सांगतो. वासराच्या डोळ्यांभोवती, तोंडावर राखाडी, राखेचा लेप दिल्यासारखे गोल चट्टे म्हणजे नायटा. खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बघावं. कोरडे, फ्लॉवरसारखे फुटलेले मस म्हणजे पॅपिलोमा. बारीक गाठ दाबल्यावर चीजसारखा पू आला तर डेमोडेक्स किडा, तोच पू काचेवर बघा. फक्त सडांवर फोड असतील आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवरही आले असतील, तर म्हशींच्या किंवा गायींच्या देवीचा विचार करा. लम्पी माणसाला होत नाही. धारकऱ्याच्या हातावर फोड आले हीच लम्पी नसल्याची मोठी खूण आहे. सोलापूर-कोल्हापूरकडे म्हशींच्या देवीचा प्रादुर्भाव माणसांसह नोंदला गेलेला आहे, त्यामुळे हे पुस्तकी समजू नका.

तोंडात व्रण दिसले की लाळ्या खुरकुताशी गोंधळ होतो. खूर बघा. खुरांच्या बेचक्यात फोड किंवा जखम आणि जनावर पाय झटकतंय तर लाळ्या खुरकूत. लम्पीत तोंडात गोल, कडा उठलेले व्रण असतात, पण अंगावरच्या गाठी सोबत असतातच.

आणि ताप, लंगडणं, दोनतीन दिवसांत आपोआप बरं, गाठी नाहीतच: तो तिवा.

पीसीआरवाली

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते. एक नाव राहिलं, ते सगळ्यात फसवं आहे: खोटी लम्पी. हा नागीण गटातला विषाणू, बोव्हाइन हर्पिस २. अंगभर गाठी येतात, पण त्या वरवरच्या, माथा सपाट आणि मध्ये जरा खोलगट. ताप कमी, दोनेक आठवड्यांत वरचं कवच गळून कातडी बरी होते, खोल खड्डा पडत नाही. खऱ्या लम्पीत गाठीचा मधला भाग मरतो, भोवती रेघ पडून सुटतो, आणि बुचासारखा निघून पूर्ण जाडीचं भोक राहतं. त्यात किडे पडतात. पहिल्या आठवड्यात नुसत्या नजरेने हा फरक खात्रीने सांगता येत नाही, तिथे प्रयोगशाळाच लागते. सूक्ष्मदर्शकाखालीही फरक स्पष्ट असतो: लम्पीत पेशीच्या केंद्रकाबाहेर गुलाबी गोळे दिसतात, हर्पिसमध्ये केंद्रकाच्या आत.

आता नमुना. येणाऱ्या नमुन्यांतला मोठा भाग चुकीच्या पद्धतीमुळे वाया जातो, म्हणून सविस्तर सांगते.

गाठ ताजी निवडा, आठवड्याच्या आतली, न फुटलेली. फुटलेल्या, पिकलेल्या गाठीत जिवाणूच जास्त. केस कापा, सलाइनने पुसा. स्पिरिट किंवा आयोडीन लावलं तर ते पूर्ण धुऊन वाळू द्या, नाहीतर विषाणूच मरतो आणि प्रयोगशाळेत तो वाढवून बघणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. भूल द्यायला २ टक्के लिग्नोकेन गाठीच्या भोवती कड्यासारखं टोचा, गाठीत नाही. गाठीत टोचलं की ऊती फुगून विस्कटते. तीनचार मिनिटं थांबा, सुईने टोचून संवेदना गेल्याची खात्री करा. ६ ते ८ मिलिमीटरचा बायोप्सी पंच, नसेल तर निर्जंतुक ब्लेडने कड आणि थोडी निरोगी कातडी येईल असा तुकडा. एक टाका पुरतो.

तुकड्याचे दोन भाग. एक विषाणू वाहक द्रावणात, पीसीआरसाठी (विषाणूची जनुकं शोधणारी चाचणी). दुसरा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावण. फॉर्मॅलिनमधला तुकडा पीसीआरसाठी पाठवू नका, आणि एकाच डब्यात दोन्ही बाटल्या उघड्या ठेवू नका, फॉर्मॅलिनची वाफ दुसऱ्या तुकड्याला लागते. लांबचा प्रवास आणि बर्फाची शाश्वती नसेल तर द्रावणात १० टक्के ग्लिसरॉल असावं आणि तुकडा जरा मोठा घ्यावा, म्हणजे मधला भाग शाबूत राहतो.

रक्त ४-५ मिली, जांभळ्या टोपीच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, घेतल्या घेतल्या हलक्या हाताने आठदहा वेळा उलटसुलट. हिरव्या टोपीची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं. अख्खं रक्त गोठवायचं नाही, रक्तपेशी फुटतात आणि तेही आड येतं. नाकाचा आणि लाळेचा स्वॅब कृत्रिम धाग्याच्या काडीने, लाकडी काडीने नाही. सगळं २ ते ८ अंशांत, जेल पिशव्यांच्या खोक्यात, नळीला बर्फ थेट टेकणार नाही असं.

मुक्तगोठा

खपल्या गळून पडलेल्या असतात, त्या चालतात का? आणि कुठल्या दिवशी काय घ्यायचं याचा काही ठोकताळा?

पीसीआरवाली

खपल्या चालतात, उलट फार चांगल्या. त्यांच्यात विषाणू भरपूर असतो आणि भूल-टाक्याची गरज नाही. कोरड्या निर्जंतुक नळीत घाला.

ठोकताळा असा. ताप आहे, गाठी नाहीत: रक्त आणि नाक-लाळेचे स्वॅब. रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो. गाठी आल्या: गाठ किंवा खपली हाच मुख्य नमुना, रक्त सोबत. दोन आठवडे उलटले: रक्ताचा नकारात्मक अहवाल काहीच सांगत नाही, खपलीच पाठवा. कातडीत जिवंत विषाणू संसर्गानंतर ३९ दिवसांपर्यंत आणि पीसीआरला त्याचे अंश ९२ दिवसांपर्यंत सापडल्याचं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे जुन्या खपलीचा सकारात्मक अहवाल हा "रोग होऊन गेला" असंही सांगत असतो, जनावर आज संसर्ग पसरवतंय असं त्यावरून ठरत नाही.

एका जनावराचा नकारात्मक अहवाल घेऊन गाव मोकळं समजू नका. एका वाडीतली तीनचार वेगवेगळ्या टप्प्यांतली जनावरं निवडा.

रानवारा

लस देऊन दहाबारा दिवस झालेत आणि गाठी आल्यात. लसीमुळे आल्या की रोग झाला? यावरून भांडणं होतात.

पीसीआरवाली

महत्त्वाचा प्रश्न. आपल्याकडे दोन लसी दिल्या गेल्या. एक शेळ्यांच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची, गायीला वापरलेली. दुसरी लम्पी-प्रोव्हॅक-इंड, हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी लम्पीच्याच विषाणूपासून केलेली, ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालेली. दोन्हींत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो.

नुसता "कॅप्रिपॉक्स सकारात्मक" असा अहवाल आला तर तो गट दाखवतो. त्यावरून लसीचा विषाणू की गोठ्यातला, हे कळत नाही. शेळीची लस दिली असेल तर लम्पीचा विषाणू वेगळा ओळखणारी जनुक चाचणी मागा. लम्पीचीच लस दिली असेल तर आणखी पुढची, लसीचा आणि रानातला वाण वेगळा करणारी तपासणी लागते. ती सगळीकडे होत नाही, म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर लसीचं नाव, तारीख आणि बॅच क्रमांक लिहिलाच पाहिजे. ती ओळ कोरी सोडलेला अर्ज आम्हाला आंधळं करतो.

प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) रक्तचाचणीने हा वाद सुटत नाही. शेळीची लस, लम्पीची लस, लम्पी रोग, तिन्हींत ती सकारात्मक येऊ शकते. उलट लस घेतलेल्या चांगल्या संरक्षित जनावरात नकारात्मकही येते, कारण या रोगात पेशींची प्रतिकारशक्ती मोठं काम करते.

डॉ_खोडा

गोठ्यात बसून अंदाज बांधायचा तर तारखा बघा. संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. रोगाची अधिशयन मुदत (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) ४ ते १४ दिवस, नियमांत २८ धरतात. लस टोचताना जनावराच्या अंगात विषाणू आधीच असेल तर गाठी येणारच, आणि दोष लसीवर जातो. लसीच्या जागी लिंबाएवढी सूज, एखाद दिवस ताप, हे वेगळं. अंगभर मोठ्या खोल गाठी, १०५ ताप आणि पायाला सूज असेल तर खरी लम्पी धरून चाला आणि नमुना द्या. लसीवर दोष गेला की शेजारच्या गोठ्यात लस घ्यायला लोक कचरतात, म्हणून हे समजावून सांगणं आपलंच काम.

सड_आणि_कास

चालू उदाहरण देतो. तीन वर्षांची एचएफ (होल्स्टिन) संकरित गाय, ताप १०४.८ सकाळी सातला, कालपासून दूध १४ लिटरवरून ६ वर, दोन्ही खांद्यापुढच्या ग्रंथी फुगलेल्या. गाठी नाहीत. गोचिडी आहेत. शेजारच्या वस्तीवर चार दिवसांपूर्वी लम्पी सापडलीय. थांबायचं की नमुना?

डॉ_खोडा

थांबू नका. आधी गाय वेगळी बांधा, अहवालाची वाट न बघता. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड हे वाहक, त्यामुळे नुसतं दुसऱ्या खुंट्याला बांधून भागत नाही. अंतर ठेवा, धार शेवटी काढा, भांडी आणि हात वेगळे.

आज रक्ताची काच, ईडीटीएत रक्त, नाक-लाळेचे स्वॅब. उद्या-परवा सकाळी पुन्हा तळहात फिरवा. गाठी आल्या तर एक ताजी गाठ घ्या. काचेवर थायलेरिया निघाला तर त्याचा उपचार लगेच, पण स्वॅब पाठवायचेच. सुई प्रत्येक जनावराला नवीन, एकच सुई गोठाभर फिरवली तर आपणच रोग पसरवू.

कळवण्याचं विसरू नका. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार संशयही कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर १९६२ हा हेल्पलाइन क्रमांक. आपल्याकडचे नमुने दवाखान्यामार्फत औंध, पुणे इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात, गरज पडली तर पुढे भोपाळच्या उच्च सुरक्षा संस्थेकडे. खाजगी कुरिअरने परस्पर पाठवू नका.

पीसीआरवाली

त्या गायीच्या अर्जावर ही माहिती हवी: कानाचा टॅग क्रमांक, वय, जात, ताप सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, गाठी नाहीत असं स्पष्ट, लस कुठली व कधी, नमुन्याआधी काही औषध दिलं का, गोचिडी आहेत, शेजारी रुग्ण किती अंतरावर. नळीवर टॅग क्रमांक वॉटरप्रूफ पेनाने नळीच्या अंगावर लिहा, टोपीवर नाही. टोप्या अदलाबदल होतात.

सड_आणि_कास

काच आत्ताच रंगवली, थायलेरिया दिसला नाही. स्वॅब आणि रक्त दुपारच्या गाडीने दवाखान्यात जातंय. ताप सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतोय.

डॉ_खोडा

एका काचेने थायलेरिया पूर्ण नाकारू नका, पहिल्या दोन दिवसांत रक्तात तो कमी असतो. ग्रंथीतून सुईने ओढून दुसरी काच करा. उद्या सकाळी मान, कास आणि शेपटीखाली हात फिरवल्यावर काय लागलं ते इथे लिहा.